परत परत येणारी रांजणवाडी, आणि सर्जन निवडायचा तो एक आठवडा

आत्याच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ आली, तेव्हा घरात कुणी ती फारशी मनावर घेतली नाही. रांजणवाडीला कोण घाबरतं? रुमालाची घडी तव्यावर गरम करून शेकायचं, आठ-दहा दिवसांत ती जाते. ही गेली नाही. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी पापणी आतून चिरून गाठ खरवडून काढली. तीन महिन्यांनी ती त्याच जागी परत आली आणि पुन्हा खरवडून झाली. तिसऱ्यांदा आल्यावर आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी पापणी उलटी करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजी, आधी दोनदा काढलेली गाठ तपासायला कुठे पाठवली होती?"

कुठेच पाठवली नव्हती. ती कचऱ्यात गेली होती.

या वेळी तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि रिपोर्ट आला: सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा, म्हणजे तेलग्रंथीचा कर्करोग. रिपोर्ट हातात पडला त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने एकेक नाव सुचवलं. एकाच्या ओळखीचे प्लास्टिक सर्जन होते, दुसऱ्याच्या मते कॅन्सर म्हटल्यावर कॅन्सरच्याच दवाखान्यात जायचं, तिसरा म्हणाला डोळा आहे तर डोळ्याचे डॉक्टर हवेत. त्वचेचा कर्करोग असल्याने त्वचारोगतज्ज्ञांचंही नाव निघालं. आत्या एका कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अरे, पण हे काम नक्की कुणाचं?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मी डॉक्टर नाही. पण रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्या मधल्या त्या आठवड्यात जे शिकावं लागलं, ते आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

गाठ येते कुठून

पापणी म्हणजे नुसती कातडी नव्हे. तिच्या आत एक टणक पट्टी असते, तिच्यामुळे पापणीला आकार राहतो. या पट्टीत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी उभ्या रांगेने बसवलेल्या असतात. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. डोळा मिटला की दर वेळी त्यांतून कणभर तेल बाहेर येतं आणि डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं, म्हणून ते पाणी लगेच सुकून जात नाही. एखादी ग्रंथी तुंबली की आत तेल साचतं आणि गाठ होते. डॉक्टर तिला कलेझियन म्हणतात. आपण मात्र लाल दुखरी पुळी असो की ही न दुखणारी गाठ असो, दोन्हीला रांजणवाडीच म्हणतो.

हा कर्करोग बहुतेक वेळा याच ग्रंथींमध्ये सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला तो अगदी रांजणवाडीसारखाच दिसतो, आणि चांगल्या डॉक्टरांचीही फसगत होऊ शकते. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त, म्हणून तो तिथे जास्त आढळतो. रुग्ण सहसा साठीच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे असतात.

साधी रांजणवाडी हजारो लोकांना होते आणि जाते, तेव्हा प्रत्येक गाठीला घाबरायचं कारण नाही. पण वयस्कर माणसाच्या पापणीत तीच गाठ त्याच जागी परत आली, गाठीजवळचे पापणीचे केस गळले, कड जाड आणि पिवळसर दिसू लागली, किंवा एकाच डोळ्याची लाली महिनोन् महिने थेंब घालूनही हटली नाही, तर तुकडा तपासल्याशिवाय गप्प बसू नये. खरवडून काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवायला फार खर्च येत नाही. आत्याच्या बाबतीत तो खर्च पहिल्याच वेळी झाला असता, तर पुढची पापणी बरीच वाचली असती.

दुर्मीळ आहे, पण आपल्याकडे तितका नाही

इंटरनेटवर शोधलं तर हा कर्करोग अतिशय दुर्मीळ असल्याचं वाचायला मिळतं. अमेरिका-युरोपातल्या लोकांसाठी ते खरं आहे. तिथे पापणीच्या कर्करोगांत दहातले आठ-नऊ बेसल सेल या हळू वाढणाऱ्या आणि सहसा दूर न पसरणाऱ्या प्रकारचे असतात. तेलग्रंथीचा कर्करोग शंभरात पाचाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. भारतातल्या नेत्ररुग्णालयांनी आपापल्या रुग्णांचे जे आकडे मांडले आहेत, त्यांत मात्र पापणीच्या कर्करोगांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त रुग्ण याच प्रकारचे आहेत.

सर्जन निवडताना या फरकाचा दोन प्रकारे उपयोग होतो. पहिलं म्हणजे, परदेशी वेबसाइटवर पापणीच्या कर्करोगाबद्दल जे धीराचं लिहिलेलं असतं ते बहुधा बेसल सेलबद्दल असतं. तेलग्रंथीचा कर्करोग त्याच्यापेक्षा जास्त आक्रमक आहे, तो कानासमोरच्या आणि जबड्याखालच्या लसिका-गाठींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) जाऊ शकतो. दुसरं म्हणजे, या आजाराचा अनुभव भारतातल्या मोठ्या नेत्र-कर्करोग विभागांकडे भरपूर आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. तिकडच्या सर्जननी त्वचेचे शेकडो कर्करोग काढले असले, तरी त्यांतले तेलग्रंथीचे किती होते हे वेगळं विचारावं लागतं.

हरळी

सर्जन का महत्त्वाचा, हे समजायला हा आजार पसरतो कसा ते पाहावं लागेल. शेतकऱ्याला ते एका शब्दात सांगता येतं: हरळी.

हरळीचा पुंजका वरून उपटला की जागा साफ दिसते. पण तिच्या कांड्या जमिनीखालून बाजूला सरकलेल्या असतात, आणि हातभर लांब, मधली जागा सोडून, ती पुन्हा डोकं वर काढते. हा कर्करोग काही रुग्णांत असाच वागतो. गाठ एका ठिकाणी दिसते, पण काही पेशी पापणीच्या आतल्या अस्तरातून आणि डोळ्याचा पांढरा भाग झाकणाऱ्या पातळ पडद्यातून पसरत गेलेल्या असतात. मध्ये निरोगी पट्टा आणि पलीकडे पुन्हा रोगट पेशी, असंही होतं. वरून पाहून ते कळत नाही. डोळा जरा लाल दिसतो, इतकंच.

म्हणून जाणकार सर्जन मोठ्या ऑपरेशनच्या आधी किंवा त्याच वेळी, डोळ्याच्या पडद्यावरून दहा-बारा ठिकाणचे, कधी त्याहून जास्त, टाचणीच्या टोकाएवढे तुकडे घेतात. प्रत्येक तुकडा कुठून घेतला याचा नकाशा काढतात. याला मॅप बायोप्सी म्हणतात. शेतात मातीचे नमुने ठिकठिकाणांहून घेऊन पुड्यांवर गटाची खूण घालतात, तसंच हे. पसरलेपण सापडलं तर तेवढ्यासाठी बर्फासारखं गोठवून मारण्याचा उपचार किंवा विशिष्ट औषधाचे थेंब वापरता येतात, आणि संपूर्ण डोळा काढण्याची वेळ अनेकदा टळते.

ज्या सर्जनने हा आजार पाहिलेला नाही, त्याच्या मनात हा नकाशा येणारच नाही. त्याचा हात कितीही साफ असो, तो दिसणारा पुंजका सुंदर उपटून देईल.

कड बघणं म्हणजे काय

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात. त्या पट्ट्याला मार्जिन म्हणतात, मी इथे कड म्हणेन. कडेपर्यंत रोगट पेशी पोहोचलेल्या नसतील तर काम नीट झालं असं धरतात. पोटावर किंवा पाठीवर दोन-तीन सेंटिमीटर जास्त काढले तरी चालतं. पापणीची गोष्ट वेगळी आहे. या कर्करोगात साधारण ५ मिलिमीटरची कड धरण्याची पद्धत आहे. समजा गाठ ८ मिलिमीटरची आहे. दोन्ही बाजूंना ५-५ धरले की १८ मिलिमीटर झाले, आणि सगळी पापणी मुळात ३० मिलिमीटरच्या आसपास लांब असते. निम्म्याहून जास्त पापणी गेली. इथे प्रत्येक मिलिमीटरचा हिशेब आहे: कमी काढला तर रोग राहतो, उगाच जास्त काढला तर डोळा मिटत नाही.

म्हणून काढलेल्या तुकड्याची कड तपासतात कशी, हा या सगळ्या निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

एक दुधी भोपळा डोळ्यांसमोर आणा. सालीवर कुठे कीड लागली आहे का ते तुम्हाला बघायचंय. नेहमीच्या पद्धतीत प्रयोगशाळा दुधीच्या चकत्या करते आणि त्यांतल्या काही चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते. चकतीच्या परिघावर जेवढी साल आली तेवढी दिसली. दोन चकत्यांच्या मधल्या सालीवर कीड असेल तर ती सुटते. या पद्धतीत प्रत्यक्ष कडेचा फारच थोडा भाग नजरेखालून जातो. दुसरी पद्धत अशी की दुधी सोलायचा, साल पाटावर सपाट पसरायची आणि इथून तिथपर्यंत सगळी बघायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोझ यांनी १९३० च्या दशकात ही दुसरी पद्धत विकसित केली, म्हणून तिला मोझ सर्जरी म्हणतात. पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड लगेच तपासायची, जिथे पेशी सापडतील तिथलाच पुढचा थर काढायचा.

हे वाचलं की वाटतं, मग सरळ मोझवाला डॉक्टर गाठावा. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण मोझ भारतात मोजक्याच ठिकाणी होते, आणि मुख्य म्हणजे मधली जागा सोडून उडी मारणाऱ्या आजारात सगळी साल तपासली तरी पलीकडची कांडी सुटू शकते. म्हणून या कर्करोगात मोझ हा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नाही.

भारतात जास्त प्रचलित असलेला मार्ग म्हणजे फ्रोझन सेक्शन. रुग्ण टेबलावर असतानाच कडेचे तुकडे गोठवून अर्ध्या तासाच्या आत-बाहेर तपासतात आणि पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे तपासणारा डॉक्टर, थिएटरमध्ये निरोप देतो: ही बाजू स्वच्छ, त्या बाजूला अजून काढा. गोठवलेल्या तुकड्यात अस्तरातून पसरलेल्या एकट्या-दुकट्या पेशी ओळखणं अवघड असतं. म्हणून शंका असेल तिथे काही सर्जन त्या दिवशी फक्त रोगट भाग काढतात, डोळा झाकून ठेवतात, आणि पक्का रिपोर्ट यायची काही दिवस वाट बघून मगच पापणी पुन्हा उभी करतात, म्हणजे नव्याने बनवतात. दोनदा थिएटरमध्ये जावं लागतं म्हणून नातेवाईक नाराज होतात. मला तर आता उलट वाटतं. जो सर्जन कड स्वच्छ असल्याची खात्री होईपर्यंत थांबायला तयार आहे, त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

सर्जनइतकाच पॅथॉलॉजिस्ट

हा कर्करोग प्रयोगशाळेतही फसवतो. स्लाइडवर तो कधी बेसल सेलसारखा दिसतो, कधी स्क्वॅमस सेल या दुसऱ्या कर्करोगासारखा. पेशींतलं तेल रंगवून ओळख पटवायची जुनी पद्धत आहे, पण तुकडा मेणात बसवताना वापरतात त्या रसायनांत तेलच विरघळून जातं. त्यामुळे शंका असेल तर तुकडा ताजा पाठवावा लागतो आणि सोबत तशी चिठ्ठी द्यावी लागते. आता प्रथिनांवर आधारलेल्या चाचण्याही निघाल्या आहेत. काहीही असलं तरी सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांचं आधी बोलणं झालेलं असावं लागतं.

म्हणून कुठल्याही मोठ्या ऑपरेशनआधी पहिल्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत, आणि ज्या ठिकाणी असे आजार नेहमी येतात तिथल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्यावेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड पुन्हा तपासणं हा नेहमीचाच भाग आहे. रिपोर्टचा कागद पुरत नाही.

"तुकडा काढला की कॅन्सर चिडतो" याचं काय?

हे वाक्य आमच्याकडेही तीन जणांनी ऐकवलं. या कर्करोगात खरं नुकसान होतं ते आजार न ओळखता पुन्हा पुन्हा खरवडल्याने. विचारपूर्वक घेतलेल्या लहान तुकड्यामुळे सर्जनला काय, किती आणि कुठपर्यंत काढायचं हे कळतं. तुकड्याशिवाय केलेलं मोठं ऑपरेशन म्हणजे मोजमाप न घेता कापलेलं कापड.

मग हे काम कुणाचं?

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. पापणीपुरता आजार असेल तर पहिलं नाव ऑक्युलोप्लास्टिक सर्जनचं, म्हणजे नेत्रतज्ज्ञ होऊन पुढे पापणी, अश्रूमार्ग आणि डोळ्याभोवतीच्या भागाच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर. त्यातही ज्याने डोळ्याच्या कर्करोगांवर काम केलं आहे असा. पापणी कशी मिटते, बुबुळ कशाने सुकतं, हे त्याच्या रोजच्या कामातलं असतं.

आजार गालाकडे, डोळ्याच्या खोबणीत किंवा मानेतल्या गाठींत गेला असेल तर डोकं-मान विभागाचा कर्करोग सर्जन सोबत हवा. मोठं छिद्र भरायचं असेल तर प्लास्टिक सर्जन हवा. हाच कर्करोग कधी पापणी सोडून गालावर, नाकावर उगवतो. तिथे मोझचं प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ किंवा कर्करोग सर्जन पुढे येतो. पुढच्या टप्प्यावर रेडिएशन किंवा केमोथेरपी लागू शकते. गाठ फार मोठी असेल तर आधी केमोथेरपीने ती लहान करून डोळा वाचवण्याचा प्रयत्नही काही केंद्रांत करतात.

म्हणजे एका माणसाचं हे काम नाही, आणि तरी एक माणूस पुढे असायला हवा. ज्या रुग्णालयात हे सगळे एका टेबलाशी बसून रुग्णाबद्दल ठरवतात, त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "माझी केस ट्यूमर बोर्डसमोर जाईल का?" एवढं एक वाक्य पाठ करून गेलात तरी खूप झालं.

पाटीवरची अक्षरं कशी वाचायची

एमबीबीएस नंतर नेत्ररोगात एमएस किंवा डीएनबी म्हणजे नेत्रतज्ज्ञ. ऑक्युलोप्लास्टी त्यानंतरच्या फेलोशिपमध्ये शिकतात, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा संस्थांत ती बराच काळ चालत आली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९६७ साली सुरू झालेलं डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र आहे. कर्करोग सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनच्या नावापुढे एमसीएच ही एमएस नंतरची वरची पदवी असते आणि पुढे विषय लिहिलेला असतो, तो विषय वाचावा. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पदवी नाही, ते कामाचं वर्णन आहे. संघटनेचं सभासदत्व आणि चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये शेजारी-शेजारी लटकलेलं असलं, तरी त्यांची तुलना दोन वर्षांच्या फेलोशिपशी होत नाही.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत पडताळता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण यातून फक्त दाराच्या आत जायची परवानगी आहे की नाही ते कळतं. आत आल्यावर हा विशिष्ट आजार किती वेळा हाताळला, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. ते तोंडानेच विचारावं लागतं.

"डॉक्टरांना असं विचारणं बरं दिसतं का?"

आत्याचा हाच आक्षेप होता. "देवमाणूस आहेत ते, त्यांची परीक्षा कशी घ्यायची?" आमच्या पिढीलाही ते जड जातं. पण शेतात बोअर मारणाऱ्याला आपण विचारतोच की, या पट्ट्यात आधी कुठे पाणी लागलं? चेहऱ्यासाठी तेवढं तरी विचारावं.

विचारायचं ते नरमाईने, पण नेमकं. "साहेब, तेलग्रंथीच्या या कर्करोगाचे रुग्ण तुमच्याकडे किती आले?" इथे 'पापणीची ऑपरेशनं खूप केली' हे उत्तर नाही; मोतीबिंदू हजारो झाले असतील, त्याचा इथे उपयोग नाही. "कड कशी तपासणार, ऑपरेशन चालू असताना की नंतर? पॅथॉलॉजिस्ट इथलाच आहे का?" "आतल्या पडद्याचे तुकडे घेणार का?" "मानेतल्या गाठी कशा बघणार?" "पापणी त्याच दिवशी उभी करणार का, आणि कड स्वच्छ नाही असा रिपोर्ट नंतर आला तर काय?" हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. चांगल्या सर्जनकडे त्याचं उत्तर आधीच तयार असतं, कारण त्याने तो दिवस पाहिलेला असतो.

आम्ही दोघांना भेटलो. पहिल्यांनी हसून सांगितलं, "काळजी करू नका, टाक्याची खूणसुद्धा दिसणार नाही." दुसऱ्यांनी कागद ओढला, पापणीचं चित्र काढलं, किती भाग जाईल ते रेघ मारून दाखवलं आणि म्हणाले, "आजी, दिसायला थोडा फरक राहील. डोळा मिटला पाहिजे आणि आजार परत येऊ नये, ते मी बघतो." आत्याने तिथेच मान डोलावली.

"लांब जाण्यात वेळ गेला तर?"

हा आक्षेप खरा आहे. रेंगाळू नयेच. पण नीट सर्जन शोधण्यात गेलेला एखादा आठवडा आणि चुकीच्या पहिल्या ऑपरेशननंतर गेलेलं वर्ष, यांची बरोबरी होत नाही. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी पापणीचे थर जागच्या जागी असतात. एकदा ती चिरून, वळवून, टाचून झाली की रोगट पेशी व्रणाखाली दडतात आणि दुसऱ्या सर्जनला कुठून सुरू करावं हेच कळत नाही. या कर्करोगात पहिली संधी सर्वांत मोठी.

प्रत्येकाने मुंबई गाठलीच पाहिजे असंही नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचं देशभरातल्या कर्करोग केंद्रांचं जाळं २०१२ मध्ये उभं राहिलं, महाराष्ट्रातली अनेक रुग्णालयं त्यात आहेत. कागदपत्रं पाठवून तज्ज्ञांचं मत घेण्याची 'नव्या' ही ऑनलाइन सेवाही टाटा मेमोरियल आणि या ग्रिडशी जोडलेली आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते योजनेतल्या रुग्णालयातच मिळतं, म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटून आपला आजार आणि आपलं ऑपरेशन यादीत बसतं का ते विचारावं.

"ऑपरेशनच नको, रेडिएशन देता येईल का?"

भूल सोसणार नाही इतकी प्रकृती खालावलेली असेल, तर तो पर्याय डॉक्टर देतात. काही वेळा ऑपरेशननंतर जोड म्हणूनही देतात. पण जिथे शस्त्रक्रिया शक्य आहे तिथे मुख्य उपचार शस्त्रक्रियाच आहे.

चेहरा पुन्हा उभा करणं

पापणीचा पाव किंवा तिसरा हिस्सा गेला तर उरलेल्या कडा जवळ ओढून शिवता येतात. जास्त गेला तर भाग उसना घ्यावा लागतो. वरची पापणी बरीच गेली असेल, तर खालच्या पापणीतून पूर्ण जाडीचा पट्टा वर सरकवून बसवण्याची एक पद्धत आहे. तो पट्टा नवीन जागी रुजून स्वतःचा रक्तपुरवठा धरेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, तो डोळा बंदच राहतो. मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने तो उघडतात. दुसरा डोळा आधीच अधू असेल तर सर्जनला हे अगोदर सांगणं फार गरजेचं आहे, कारण मग पद्धतच बदलावी लागते. हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आत्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ते तिनेच निघता-निघता सांगितलं.

उसन्या कातडीचं हे शास्त्र आपल्याला परकं नाही. पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी खाली वळवून पुन्हा बनवल्याचा वृत्तांत लंडनच्या एका मासिकात १७९४ साली छापून आला होता. ते करणारा माणूस कुंभार समाजातला होता. तो वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने पुढे तशी शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये केली. कपाळाची ती कातडी आजही नाकाचा कर्करोग काढल्यावर वापरतात. आत्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हणजे आपल्याच गावाकडचं आहे की."

ऑपरेशन झालं, आता पुढे

हा आजार काही वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा-दोनदा तपासणी करावी लागते. पापणी उलटी करून पाहणं, कानासमोर आणि जबड्याखाली हाताने चाचपणं, गरजेप्रमाणे सोनोग्राफी. 'परत कधी येऊ' याचं उत्तर ज्या दवाखान्यात लेखी मिळतं, तो दवाखाना निवडायला आणखी एक कारण समजा.

घरच्या इतिहासाचीही चौकशी होते. तेलग्रंथीच्या गाठी आणि मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग एकाच कुटुंबात आढळत असतील, तर मागे जनुकातला वारसा असू शकतो. पापणीच्या गाठीत हे कमी वेळा असतं, पण डॉक्टरांनी विचारायला हवं. विचारलं नाही तर आपण सांगावं.

आत्याच्या स्लाइड आणि ब्लॉक आता एका स्टीलच्या डब्यात आहेत, सोबत ऑपरेशनची टिपणं आणि तो चित्र काढलेला कागद. तपासणीला निघताना बाकीचं सामान आम्ही उचलतो. तो डबा मात्र ती कुणाला देत नाही, एसटीत मांडीवर घेऊन बसते.